हैबतीचं लक्ष आणि तेलाची धार

बस इथं. यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग मी तुला शहाणा म्हणीन.

एका गावात एक भोळा गडी होता. हैबती त्याचं नाव. अंगात ताकद भरपूर, मन लोण्यासारखं, लक्ष तेवढं नव्हतं. म्हशीला पाणी पाजायला ओढ्यावर न्यायचा, मुंग्यांची रांग बघत बसायचा, आणि नुसतं दावं घेऊन घरी यायचा.

धाकटी बहीण कस्तुरा लग्नाची होती. दोन स्थळं याच्यापायी मोडली. एकदा स्टँडवर पाहुणे आणायला गेला आणि भलत्याच माणसांना घेऊन आला. दुसऱ्यांदा पाहुण्यांना घेतलं, रस्त्यात विसरून आला. शुक्रवारी तिसरं स्थळ येणार होतं.

बायको सारजा म्हणाली, "हे मोडलं तर कस्तुराला घेऊन मी माहेरी जाते. आधी वैद्यबुवांकडं जाऊन या."

वैद्यबुवांनी नाडी धरली. नाडी धरून भाजीवालीशी वांग्यांवरून भांडले. मग म्हणाले, "कोण तू? हां, लक्ष उडतं नाही का. लक्ष उडणाऱ्याच्या नाकात सकाळी कोमट तूप सोडायचं. दोन-दोन थेंब."

"बरं बुवा. तसंच करीन."

सकाळी हैबती दूध काढायला बसला. म्हैस भलतीकडंच बघत होती. हिलाही माझाच आजार, असं म्हणून त्यानं तिच्या नाकात तूप सोडलं. म्हैस शिंकली. बादली गेली, दूध गेलं, हैबती शेणात गेला.

वैद्यबुवा म्हणाले, "अरे, जनावराला कुणी नाकात तूप घालतं का? जनावराची पाठ थोपटावी, तोंडात पेंडीचा गोळा द्यावा. मग लक्ष देतं."

"बरं बुवा. पुढच्या खेपेला तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. बाया पाण्याची तक्रार सांगत होत्या आणि सरपंच डुलक्या घेत होते. हैबती उठला. सरपंचांची पाठ थोपटली आणि खिशातला पेंडीचा गोळा त्यांच्या तोंडात कोंबला. पाच वर्षांत पहिल्यांदा सरपंचांच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडलं.

वैद्यबुवा म्हणाले, "अरे, थोरामोठ्यांशी असं वागतात का? त्यांच्या डोक्यावरचं अलगद काढावं. मागं उभं राहून कपाळावर कोमट तेलाची बारीक धार धरावी. अर्धा तास. कुणी काही म्हणो, धारेवरची नजर हलवायची नाही."

"बरं बुवा. तसंच करीन."

शुक्रवार आला. पाहुणे आले. जेवणाच्या आशेनं वैद्यबुवाही आले. मुलाचे वडील आबाजी खुर्चीत बसले, डोक्याला हा एवढा गुलाबी फेटा. कस्तुरा समोर पाटावर बसली.

"नाव काय पोरी तुझं?"

"कस्तुरा."

आबाजींची नजर चुलीकडं. भज्यांना किती वेळ, याच्यावर. जरा वेळानं परत, "नाव काय म्हणालीस?"

तीनदा विचारलं. तीनदा पोरीनं सांगितलं. हैबती दारातून बघत होता. पाहुणा थोर आणि लक्ष अजिबात नाही. आज चुकायचं नाही, त्यानं ठरवलं.

आत सारजा बेसन कालवत होती. कढई नुकतीच चुलीवर ठेवलेली, तेल कोमट. हैबतीनं तांब्या भरला. आबाजींच्या मागं गेला. चारचौघांत त्यांचा फेटा उचलला, कोनाड्यात ठेवला, आणि धार सोडली.

आबाजी ओरडले. नवरदेव ओरडला. सारजा झारा घेऊन धावली. हैबती हलला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचं लक्ष कशावर तरी बसलं होतं.

आबाजी बोडक्या डोक्यानंच उठले आणि पाहुणे जीपमध्ये बसून गेले. कस्तुरानं डोळे पुसत पिशवी भरली.

सारजा दारातून म्हणाली, "आम्ही निघालो."

"बोलू नको," हैबती म्हणाला, "अजून दहा मिनिटं आहेत." आणि रिकाम्या खुर्चीवर धार धरून उभा राहिला.

वैद्यबुवांनी मान डोलावली. म्हणाले, "बघा. गुण आला."

झालं. दात कसले काढतोस? ऊठ, जा आता.