न दाबलेलं बटण

एका गावात एक कंपाउंडर होता. दिवसभर गोळ्या बांधून द्यायचा आणि संध्याकाळी क्लबात बुद्धिबळ खेळायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेला गावातून एकच जण जाणार होता. तो मीच, असं हा शहाणा आधीच गावभर सांगून बसला. बायकोने प्रवासाच्या दशम्यांचं पीठही भिजवलं. उरला होता फक्त शेवटचा डाव, गिरणीवाल्याशी.

गिरणीवाला मुलखाचा संथ. त्याने पहिलंच प्यादं सरकवलं ते कडेजवळचं, घोड्यापुढचं. मग घोडा काढला, मग उंट कोपऱ्याजवळ नेऊन बसवला. पटाचं मधलं मैदान सगळं मोकळं सोडलं.

"काय हो, पिठात पाय रुतले का? मधे या की!" म्हणत कंपाउंडरने आपली प्यादी मधे घुसवली.

"येऊ की. घाई कसली?" गिरणीवाला म्हणाला.

तासाभरात कंपाउंडरचं हसू आटलं. मधली प्यादी दोन्ही बाजूंनी कोंडली होती. हलवावीत तर मार, न हलवावीत तर मार. आता गावात तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात गिरणीवाल्याने घोड्याची चाल केली आणि दोघांचा वेळ मोजणाऱ्या घड्याळाचं बटण दाबायला विसरला. चाल झाली, पण वेळ त्याचाच जात राहिला; आणि ज्याचा वेळ संपला तो डाव हरला. असं झालं की समोरच्याने "अहो, बटण" म्हणायचं, ही त्या क्लबाची रीत. नियम नव्हे, रीत.

कंपाउंडर गप्प बसला. पट बघतोय असं दाखवायचं आणि घड्याळ बघायचं. गिरणीवाल्याची दहा मिनिटं उरली होती. आठ. कुणी नुसतं खोकलं तरी हा दचके. पाच. तीन.

"अरे देवा!" दोन मिनिटं उरली तेव्हा गिरणीवाल्याने बटण दाबलं.

कंपाउंडरकडे अजून अर्धा तास होता. पण त्याला वाटलं, भराभर खेळलो की याचा वेळ संपेल. त्याने खटकन हत्ती पुढे लोटला.

"शह," गिरणीवाल्याने घोडा उचलून ठेवला. "आणि वजीरही गेला तुमचा."

आठ मिनिटं फुकटची मिळाली होती. तेवढ्या वेळात शेंबड्या पोरालाही तो घोडा दिसला असता.

कंपाउंडरने हार मानून राजा आडवा केला.

"मी बटण विसरलो होतो. तुम्हाला दिसलं नाही होय?" गिरणीवाल्याने विचारलं.

"दिसलं," कंपाउंडर खाली मान घालून म्हणाला. "तेवढंच दिसलं."

तात्पर्य काय, तर दुसरा कधी बुडतो ते बघत बसणाऱ्याला स्वतःच्या पायाखालचं पाणी दिसत नाही.