क्षमेचं कीर्तन

"बाबा, क्षमेच्या पुढची पायरी कोणती?"

विश्वंभरबुवांनी हा प्रश्न मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला. वारणाकाठचा मठ माणसांनी भरला होता. बुवा इथेच शिकले, इथूनच कीर्तनकार म्हणून नावारूपाला आले.

त्यांचे गुरू धुंडीबाबा अंगण झाडत होते. त्यांनी झाडू थांबवला नाही.

"आधीची चढलास?"

"चढलो." बुवांचा आवाज भरून आला. "जत्रेत भर कीर्तनात केरबा तेली दारू पिऊन आला. माझा फेटा ओढला, चिखलात फेकला, आईवरून शिव्या दिल्या. लोक काठ्या घेऊन उठले. मी त्यांना बसवलं. केरबाला हात जोडले आणि अभंग पुढे सुरू केला."

"चांगलं केलंस."

"आता प्रत्येक कीर्तनात हाच दृष्टांत देतो. माणसं ढसाढसा रडतात, बाबा."

"नाव घेतोस त्याचं?"

"घ्यावं लागतं. नावाशिवाय लोकांना पटत नाही."

"आणि केरबा?"

"त्याच्या घाण्यावर कोणी तेल घ्यायला जाईना. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. शेवटी गाव सोडून गेला म्हणतात." बुवांनी डोळे मिटले. "माझ्या मनात मात्र त्याच्याविषयी काही नाही."

बाबा झाडू खाली ठेवून स्वयंपाकघराकडे वळले.

"केरबा, जरा बाहेर ये."

अंगणात कुजबुज झाली. पिठाचे हात घेऊन एक वाळलेला माणूस दारात आला. बुवांना पाहून तिथेच थिजला.

बुवा उठले. लोकांकडे एकदा पाहून दोन्ही हात पसरले.

"केरबा! ये. मी तुला केव्हाच माफ केलंय."

ते मिठी मारायला पुढे झाले...

केरबाने अंग चोरलं. कोपर तोंडावर आडवं धरलं. मार चुकवताना धरतात तसं.

बुवांचे हात हवेतच राहिले.

"याला कधी मारलं होतंस?" बाबांनी विचारलं.

"मी? बोटसुद्धा लावलं नाही!"



केरबानेच तोंड उघडलं. "त्याच दिशी दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, महाराज. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलो, पाया पडायला आलो, तर तुम्ही पुढच्या गावाला गेलेला. तिथं माझं नाव माझ्या आधी पोचलेलं. मग पोरीला घेऊन जाईन तिथं तेच. लोक तिला विचारायचे, त्या केरबाची तूच का?"

"पोरगी कुठे आहे?" बुवांनी विचारलं.

"आत. भाकऱ्या थापतीया. बाहेर येत न्हाई ती."

बुवा मटकन खाली बसले. मोठा माणूस, पण चेहरा एकदम लहान झाला. केरबाच्या पायांकडे त्यांचे हात गेले. केरबा मागे सरकला.

"बाबा, माझ्या हातून पाप घडलं..."



बुवांनी मान खाली घातली. मग हळूहळू ताठ झाले. डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागे काहीतरी चमकलं.

"निस्तरतो, बाबा! ज्या ज्या गावात याचं नाव घेतलं, तिथे तिथे पुन्हा जातो. भर सभेत याची माफी मागतो. एवढा मोठा कीर्तनकार तेल्याच्या पायांवर डोकं ठेवतो, हे लोकांना दिसू दे!"

अंगणातली माणसं डोळे पुसू लागली.

धुंडीबाबांनी पुन्हा झाडू उचलला.

"हो रे विश्वंभर... तेही कीर्तन रंगेल."