शेण लावलेली अंडी

कोंबड्या शहाण्यासारखं बोलत असत, त्या काळी एका वाडीत काजळी नावाची कोंबडी होती. मालकीण अनसूया तिची अंडी ओल्या फडक्यानं पुसून अंगणातच विकायची. काजळीला पिल्लं काढायची फार हौस. पण अंडी विकली जायची आणि ती रिकाम्या टोपलीत खुडूक बसून राहायची.

एकदा शहरातले पाहुणे गाडी घेऊन आले. त्यांतल्या बाईंनी अंडं नाकाशी नेलं.

"हे फारच स्वच्छ आहे हो. आम्हांला अस्सल गावरान हवंय."

"ताई, सकाळीच घातलंय. ती काय, कोंबडी समोरच आहे!"

"कोंबडी काय, कुणीही दाखवेल!"

शेजारच्या बाबाजीनं बाजारातली पांढरी अंडी आणून शेणात लोळवून ठेवली होती. बाईंनी ती हुंगली, समाधानानं डोळे मिटले आणि सगळी उचलली.

"आपणही शेण लावू या," कोंबडा काजळीला म्हणाला.

"गप्प बस मेल्या! अंडी घरातच राहिलीत, ते बघ की."

खरोखरच अनसूयेनं रागारागानं ती सगळी अंडी काजळीखाली ठेवून दिली.

महिन्याभरानं तेच पाहुणे पुन्हा आले. काजळीमागे पिल्लांची रांग बघून बाई हरखल्या. "अय्या, ही मात्र अस्सल गावरान! देता का?"

काजळीनं पंख पसरून पिल्लं पोटाशी घेतली. "चला रे बाळांनो, आत. यांना शेण लागतं. ते शेजारी मिळतं."