रत्नभटाच्या पोथीचा उःशाप

एका राज्यात विराजसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला एकच कन्या, तिचे नाव मेघावली. ती पाच वर्षांची असताना राणी वारली, आणि त्या दिवसापासून पोरीच्या डोळ्यांतली झोप गेली. वैद्यांनी काढे दिले, मांत्रिकांनी दोरे बांधले, गुण कशानेच आला नाही. तेव्हा राजाच्या पदरी असलेला ग्रंथकार रत्नभट तीन महिने घरात बसला आणि त्याने तिच्यासाठी एक पोथी लिहिली. पोथीत कुवली नावाची नावाडीण होती. वाऱ्याने तिची होडी पळवली होती, आणि ती होडी शोधत ती सात खाड्या ओलांडत होती. रत्नभट रोज एक अध्याय वाची. तिसऱ्या अध्यायावर मेघावली हसली. पाचव्यावर तिचा डोळा लागला.

त्याच सुमारास जटाक्ष नावाचा मायावी दरबारात आला. त्याला आपल्या पराक्रमांवर ग्रंथ हवा होता. रत्नभट त्याला नम्रपणे म्हणाला, "महाराज, माझी लेखणी सध्या एका मुलीच्या कामात आहे."

जटाक्ष रागावला नाही, नुसता हसला. आणि मायावी हसतो तेव्हा जास्त भ्यावे. त्याने शाप दिला: ही पोथी यापुढे त्या एकट्या मुलीलाच दिसेल. इतरांना पाने कोरी दिसतील, तिने मोठ्याने वाचले तर नुसता वारा ऐकू येईल, आणि खुद्द लिहिणाराही आपले लिहिलेले विसरेल. ती आनंदाने वाचत राहील तोवर रत्नभट माणूस राहील. ज्या दिवशी तिला त्या पोथीचा कंटाळा येईल, त्या दिवसापासून तो दगड होऊ लागेल.

तेव्हा कुणालाच चिंता वाटली नाही, कारण मेघावलीचा त्या पोथीवर विलक्षण जीव होता. शेवटचे पान उलटले की ती पुन्हा पहिले काढी. वाचताना ती खुदकन हसली की शेजारी बसलेला रत्नभट विचारी, "आता कुठे आलीस?" ती ती ओळ मोठ्याने वाची, आणि त्याच्या कानी फक्त वारा येई. तरी तो समाधानाने मान डोलवी.

अशी सतरा वर्षे गेली. मेघावली बावीस वर्षांची झाली. पोथी तिने किती वेळा वाचली, याचा हिशेब तिच्यापाशीही नव्हता.

एके दिवशी सकाळी ती चौथ्या अध्यायात होती. कुवली आता खाडीत उडी मारणार, हे तिला ठाऊक होते. उडी मारण्याआधी ती पदर खोचणार, हेही ठाऊक होते. आणि मेघावलीला जांभई आली. तिने ती हाताने झाकली, पण शापाला ती दिसलीच. पलीकडे बोरू तासत बसलेल्या रत्नभटाच्या हातून चाकू खाली पडला. त्याची करंगळी काळ्या पाषाणाची झाली होती.

मेघावलीने ती करंगळी पाहिली. तिने पोथी पुन्हा उघडली आणि ती जोराने हसली. रोज हसू लागली. जिथे पूर्वी डोळे भरून येत, तिथे डोळे चोळून पाणी काढू लागली. पण शापाला सोंग कळते. श्रावणात रत्नभटाचा पंजा गेला, कार्तिकात कोपर गेले. रत्नभट तक्रार करीत नसे. फक्त एकदा म्हणाला, "मुली, तू हल्ली फार हसतेस."

मग ती वडिलांकडे गेली आणि जटाक्षाच्या डोंगराकडे जाण्याची परवानगी मागितली. राजाने फौज देऊ केली. तिने एक घोडा आणि आठ दिवसांची शिदोरी एवढेच घेतले.

जटाक्ष डोंगराच्या माथ्यावर एका स्फटिकाच्या घरात राहत होता. त्याने तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"मला विस्मृतीचे पेय करता येते," तो म्हणाला. "ते प्यालीस की पोथीतले अक्षरन् अक्षर विसरशील. मग ती पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचशील, आणि तुझा म्हातारा वाचेल. पण त्यासाठी तीन वस्तू लागतात. त्या तू आणायच्या."

"कोणत्या?"

"लाजाळू विहिरीचे पाणी. शापित खजिन्यातला एक निःशाप जिन्नस. आणि हाकांच्या माळावरचे पांढरे फूल."

मेघावली निघाली. लाजाळू विहीर डोंगराच्या पायथ्याशीच होती. काठाशी पाणी निळेशार दिसे. पण कुणी वाकून पाहिले की ते सरसर खाली जाई, इतके खाली की दोर पुरत नसे. भोवती तुटलेल्या घागरी पडल्या होत्या. मेघावलीने दुपारपर्यंत खटपट केली. शेवटी थकून ती विहिरीकडे पाठ करून बसली, आणि बसताच तिला आठवले की दुसऱ्या खाडीवर कुवलीची मासळी अशीच बुजली होती, तेव्हा कुवलीने पाठ फिरवून जाळे सोडले होते. मेघावलीने न पाहता कळशी मागे सोडली. कळशी भरून आली.

खजिना एका गुहेत होता. हिरे, माणके, सोन्याची ताटे गुडघाभर पसरली होती, आणि ज्याने ज्याने त्यांना हात लावला होता तो तो जागच्या जागी सोन्याचा होऊन उभा होता. वरच्या कपारीत एक भारद्वाज पक्षी राखणीला बसला होता.

"विचार," पक्षी म्हणाला. "सगळे विचारतात. निःशाप काय आहे, ते मी कुणाला सांगत नाही."

मेघावली विचारणारच होती. पण कुवली परक्या काठाला उतरली की वाट विचारण्याआधी एक गोष्ट विचारी, आणि सतरा वर्षांच्या वाचनाने तीच मेघावलीच्या ओठावर आली.

"जेवलास का?" ती म्हणाली.

भारद्वाज कपारीच्या कडेला सरकला. मग म्हणाला, "येथे बसल्याला मला तीनशे वर्षे झाली. हे मला कुणी विचारले नव्हते."

तिने शिदोरीतली भाकरी कुस्करून कपारीत ठेवली. पक्ष्याने शेवटचा कण टिपला, पंख झाडले, आणि आपले एक तांबूस पीस तिच्या ओंजळीत टाकले. "या गुहेत माझ्याएवढे शापाबाहेरचे दुसरे काही नाही," तो म्हणाला.

तिसरे काम सर्वांत अवघड होते. हाकांच्या माळावर दाट धुके असे, आणि त्यातून चालणाऱ्याला आपल्या माणसांच्या हाका ऐकू येत. जो हाकेच्या दिशेने वळे, तो पुन्हा कधी सापडत नसे. मेघावली धुक्यात शिरली तोच तिला आईचा आवाज आला. अठरा वर्षांत न ऐकलेला तो आवाज तिच्या नावाने, अगदी मायेने, डाव्या हाताला बोलावत होता. तिचा पाय वळू लागला.

आवाज बुडवायला दुसरा आवाज हवा होता. तिने मोठ्याने म्हणायला सुरुवात केली ती पोथीच्या सहाव्या अध्यायापासून. त्या अध्यायात काहीच घडत नाही. कुवली दोरांच्या गाठी मारते, आणि कोणती गाठ कशी मारावी याचे वर्णन पंचवीस पाने चालते. मेघावली गेली दहा वर्षे तो अध्याय गाळत आली होती. आता तो तिच्या तोंडून सलग येत होता, एक गाठ, मग दुसरी गाठ, आणि प्रत्येक गाठीसरशी एक पाऊल पुढे.

चालता चालता तिला उमगले की हा अध्याय असा का आहे. पाच वर्षांच्या मुलीला झोप यावी म्हणून तो लिहिला होता. पंचवीस पाने म्हातारा बसून गाठी लिहीत राहिला, कारण एका पानावर तिचे डोळे मिटले नसते. तिने डोळे पुसले आणि पुढची गाठ म्हटली. फूल माळाच्या मध्यावर होते. ते खुडून ती तशीच गाठी म्हणत परतली.

जटाक्षाने तिन्ही वस्तू खलात घोटल्या. वाटीत दुधाळ रंगाचे पेय तयार झाले. मेघावलीने वाटी ओठाशी नेली, आणि खाली ठेवली.

"मी हे पिणार नाही," ती म्हणाली. "मी हे प्याले, तर विहिरीवर पाठ फिरवणारी, पक्ष्याला जेवण विचारणारी, माळ ओलांडणारी मी उरणारच नाही. ते सारे मला त्या पोथीने दिले आहे. आणि तिचा मला कंटाळा आला आहे. दोन्ही खरे आहे."

"मग म्हातारा दगड होईल."

"तीन कामे करून ज्याने मोल नाकारले, त्याच्या एका प्रश्नाचे खरे उत्तर मायाव्याला द्यावे लागते. हे नववा अध्याय सांगतो, आणि मला वाटते हे खरे आहे. या शापाला उःशाप काय?"

जटाक्षाचा चेहरा उतरला. नियम खराच होता. तो म्हणाला, "कंटाळलेल्या माणसाच्या तोंडचे आभार. ज्याने लिहिले त्याच्यासमोर बसून, कंटाळा न लपवता मानलेले. कंटाळलेली माणसे पुस्तक मिटतात आणि निघून जातात, आभार मानायला कुणी थांबत नाही. म्हणून मी उःशाप तिथे ठेवला होता."

मेघावली घरी पोचली तेव्हा पाषाण रत्नभटाच्या छातीपर्यंत चढला होता. तो खिडकीशी उन्हात बसला होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. वाटेत चार दिवस तिने शब्द जुळवले होते, त्यांतला आता एकही आठवेना. गुहेत आणि माळावर वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या क्षणी वाटली.

"गुरुजी," ती म्हणाली, "मला तुमच्या पोथीचा कंटाळा आला आहे. वर्षभर मी खोटे हसत होते. ती पुन्हा उघडावीशी मला वाटत नाही."

रत्नभटाने मान हलवली. "ठाऊक आहे, मुली."

"पण मला झोप तिने दिली. आई गेल्यावर जे घर उरले, ते त्या पानांत होते. काठाला उतरल्यावर आधी समोरच्याची विचारपूस करावी, हे मी कुणा माणसाकडून नाही, तिच्याकडून शिकले. तुम्ही तीन महिने बसून एका मुलीसाठी गाठी लिहिल्यात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे सतरा वर्षे राहून गेले. ते आज मानते."

तिने त्याच्या पाषाणाच्या हातावर डोके टेकले. आधी काही झाले नाही. मग तिच्या कपाळाखाली तो हात कोमट झाला, आणि बोटे हळूच तिच्या केसांत फिरली. पाषाण गळून जमिनीवर वाळूसारखा सांडला. गुहेतली सोन्याची माणसे त्याच घटकेला हलली आणि आपापल्या गावी गेली. भारद्वाज उडून गेला. खजिन्याचा शापही जटाक्षाचाच होता, आणि त्याची माया अशी शापांवर उभी होती की एक तुटला की सारे तुटत. ती सरल्यावर तो एक साधा म्हातारा उरला. तो डोंगर उतरून खाली एका गावात राहू लागला.

रत्नभटाने पोथी मागून घेतली. आता पाने त्यालाही दिसत होती. तो दोन दिवस जागचा हलला नाही. मधूनच तो हसे, आणि मेघावली विचारी, "आता कुठे आलात?" तो सांगे, आणि तिला ते नीट ऐकू येई. वाचून झाल्यावर तो म्हणाला की सहावा अध्याय फार लांबला आहे. मेघावलीने त्यातली एक ओळही कापू दिली नाही. राजाने पोथीच्या शंभर प्रती करवल्या, आणि ज्या घरांत मुले झोपत नव्हती, त्या घरांत आधी धाडल्या.

मेघावली ग्रंथशाळेत गेली. तेथे चार भिंती भरून पुस्तके होती, आणि तिने त्यांतले एकही कधी उघडले नव्हते. तिने एक जाडजूड पुस्तक काढले, त्यावरची धूळ झटकली, आणि ती वाचू लागली.

संध्याकाळी रत्नभटाने विचारले, "कसे आहे?"

"सुरुवात कंटाळवाणी आहे," मेघावली म्हणाली, आणि तिने पान उलटले.

राज्यात सारे स्थिरस्थावर झाले. ज्याचे त्याला मिळाले, आणि ज्यांनी ही कथा शेवटपर्यंत ऐकली त्यांनाही गाढ झोप लागो.