तळ्यातल्या गाळाच्या विटा

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील आणि शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटल्यामुळे यापेक्षा बरे लिहिता येत नाही, तेवढे सांभाळून घ्यावे. गोष्ट मात्र मनापासून सांगतो.

एका गावाच्या दोन टोकांना दोन वीटभट्ट्या होत्या. एक माळावर, एक तळ्याकाठी. फार जुना काळ तो. दोन्ही भट्ट्यांचे मालक एकमेकांचे व्याही होते. तळ्याकाठच्या वीटवाल्याची लेक माळावरच्या वीटवाल्याच्या घरी सून म्हणून नांदत होती. म्हणजे माळावरचा मुलाकडचा, मानाचा. लग्नात त्याचे पाय धुतले होते, ते अजून वाळले नाहीत, असे गावातले लोक त्याच्या पाठीमागे हसून म्हणत.

पावसाळा सरला की दोघेही शेतकऱ्यांकडून शेताची वरची माती विकत घेत. हातभर खोल खणायचे, माती पाणी घालून पायांनी तुडवायची, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि भट्टी लावायची. गावाची हीच रीत होती. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

एका वर्षी तळ्याकाठचा वीटवाला एका म्हातारीकडे मातीचा सौदा करायला गेला. तिचे शेत त्याने आधीही खणले होते. म्हातारी त्याला बांधावर घेऊन गेली. शेतात नुसता मुरूम उघडा पडला होता आणि त्यात पेरलेली ज्वारी गुडघ्यालाही लागत नव्हती.

"आता न्यायला काही उरलं नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "माती तू नेलीस. यापुढं भाकरीही तूच धाडत जा."

ती हे हसत हसतच म्हणाली. पण तो रिकामी गाडी घेऊन परतला, आणि त्या वर्षी त्याने कुणाच्याच शेताला कुदळ लावली नाही.

त्याने गावच्या पंचांना विचारले की, तळ्यातला गाळ काढून त्याच्या विटा पाडल्या तर चालेल का. पंच एकमेकांकडे बघू लागले. तळे गाळाने इतके भरले होते की होळीच्या आतच त्यात गुरे चरायला उतरत. ते म्हणाले, हवा तेवढा ने, तुला कोण अडवतो.

ही बातमी माळावरच्या व्याह्याच्या कानावर गेली तेव्हा तो पोट धरून हसला. गाळाची वीट टिकत नाही हे त्याला चांगले ठाऊक होते. आणि झालेही तसेच. पहिलीच भट्टी उघडली तर विटा तडकलेल्या, वाकड्या. माळावरचा मुद्दाम पाहायला आला. त्याने एक वीट उचलली, ती हातातच मोडली.

"व्याहीबुवा, विटा भाजल्यात की पापड?"

"पापडच म्हणा," तळ्याकाठचा म्हणाला. "अजून लाटायला जमत नाहीये."

हे उत्तर माळावरच्याला जरा लागले. त्याला वाटले होते, हा माणूस खाली मान घालेल. पण त्याने बसायला घोंगडी घातली, गुळपाणी दिले आणि पुन्हा कामाला लागला. गाळ वाळताना फार आकसतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग तो गाळात कधी भाताचे तूस मिसळून पाही, कधी भट्टीतली राख. थोड्या थोड्या विटा पाडायचा, भाजायचा, आपटून पाहायचा. तो सगळा हंगाम त्याच्या घरी ओढाताणीचा गेला. माळावरच्याच्या सुनेला माहेराहून सणाचे लुगडे आले नाही, ते सासऱ्याने बरोबर लक्षात ठेवले.

पुढच्या हंगामात तळ्याकाठची वीट खणखणू लागली. वजनाला हलकी, रंगाने जरा फिकी, पण एकसारखी. तळेही खोल होत चालले होते. ते पाहून गावकरी आपणहून गाळ उपसायला येऊ लागले. वीटवाला त्यांना सांगे, वरचा मऊ गाळ शेतात टाका, खालचा चिकट मला द्या. पहिल्या गाड्या त्याने स्वतः म्हातारीच्या शेतात नेऊन रिकाम्या केल्या. विटा पाडणाऱ्या बायामाणसांसाठी त्याने काठावर मांडव घातला. तिथे पोरे सावलीत खेळत आणि आया निवांतपणे काम करत. माळावरचा हे सगळे लांबून बघे आणि घरी येऊन म्हणे, धंदा करतोय की धर्मशाळा चालवतोय हा माणूस.

मग एक वर्ष पाऊस फारच थोडा झाला. माळावरची विहीर दिवाळीतच आटली. पाण्यावाचून चिखल कसा करणार? आणि माती तरी कुठली? खणलेल्या शेतांची गत बघून शेतकरी आता वरची माती विकायला तयार नव्हते. माळावरच्या भट्टीतले कामकरी एकेक करून निरोप घेऊ लागले. ते कुठे जातात हे विचारायची गरज नव्हती. तळ्याच्या खोल भागात अजून पाणी होते आणि कडेचा गाळ उघडा पडला होता. तिथे काम जोरात चालले होते.

त्याच दिवसांत शेजारच्या नगरातून धान्याचे मोठे कोठार बांधणारे लोक विटा बघायला आले. त्यांनी गावात चौकशी केली. ज्याला विचारावे त्याचा हात तळ्याकडे. म्हातारी तर त्यांच्यासोबत वाट दाखवायला गेली. विटा आपटून पाहून त्यांनी सगळे काम तळ्याकाठच्या भट्टीला दिले.

माळावरचा वीटवाला थंड भट्टीसमोर बसून होता. राखेत हात घातला तरी ऊब लागत नव्हती. बापापासून चालत आलेला धंदा आपल्या हातून बुडणार, हे त्याला आता दिसत होते. सून ताक घेऊन आली आणि जरा थांबली.

"मामंजी, बाबांना एकट्याच्या भट्टीत ते काम निभायचं नाही. गाळ आहे, पाणी आहे. आपल्या गाड्या उभ्याच आहेत."

"मुलाकडच्यानं मुलीकडच्यापुढं हात पसरायचा? गाव काय म्हणेल?"

सून डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "हात पसरू नका. हातात फावडं घ्या."

त्याने सुनेच्या हातून भांडे घेतले. आणि तो सगळे ताक प्यायला. तडकलेल्या विटा समोर असतानाही व्याही कसा खचला नव्हता, ते त्याला आठवत राहिले. आपण हसलो तेव्हा त्याने बसायला घोंगडी घातली होती. आपण त्याच्या जागी असतो तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा शेते खणायला गेलो असतो, हे त्याला मनोमन पटले. एवढा कसदार माणूस आपल्याच नात्यात आहे, याचा त्याला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडे खांद्यावर टाकून निघाला. मागून त्याच्या गाड्या येत होत्या. सगळे गाव बघत असताना तो चपला काठावर काढून तळ्यात उतरला, घोटाभर गाळात उभा राहिला आणि त्याने पहिली पाटी भरली. तळ्याकाठचा वीटवाला धावत आला. तो पाया पडायला वाकू लागला, तसे माळावरच्याने त्याचे दोन्ही हात धरले आणि पाटीच्या कडेला लावले.

"व्याहीबुवा, पाया नंतर पडा. आधी दुसऱ्या बाजूनं उचला, जड आहे."

तात्पर्य: जो धंदा गावाची माती, पाणी आणि माणसे राखतो, त्याला पडत्या काळात गावच तारून नेते.