सरकारांचं दळण

तुळाजीराव इनामदार रोज सकाळी चौकात एक थोरला गोटा उचलून धाडकन टाकीत. भोवतालचे वाहवा करीत आणि सरकार तुपाच्या ताटावर बसत. तरी पोट उतरेना, म्हणून ते वैद्यावर खेकसत. एक दिवस तो राग दळणाऱ्या बायकांवर निघाला.

"बसून जातं फिरवायचं आणि दोन-दोन भाकऱ्या हाणायच्या? उद्यापासून अर्धीच!"

त्यांतल्या धोंडाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पहाटेपासून जातं ओढून तिचे खांदे भरून आले होते.

"सरकार, ज्याचे कष्ट जास्त त्यानं जास्त खावं, हे कबूल?"

"कबूल! माझ्या एका हिसक्यात तुमच्या दहाजणींचा जोर आहे."

"मग आज आपलं दळण आपणच दळा. जेवढं पीठ, तेवढी भाकरी."

सगळ्यांदेखत माघार कशी घेणार? सरकारांनी खुंटा धरून जातं भिंगरीसारखं फिरवलं. दाणे अर्धेमुर्धे भरडून बाहेर उडाले आणि सरकार धापा टाकत भिंतीला टेकले. धोंडाक्कानं पीठ गोळा करून भाकरी थापली. ती तळहाताएवढीही झाली नाही.

"एवढीच?"

"जोर आपला दांडगा, पण पापणी लवेपर्यंतचा. तेवढ्यात वाहवा मिळते, चरबी झडत नाही. आम्ही हळू ओढतो, पण दिवसभर ओढतो. म्हणून आमची हाडं दिसतात. आता बोला, अर्धी कुणाची करायची?"

सरकार घाम पुसत पुटपुटले, "बायकांना दोन्ही भाकऱ्या द्या. आणि आम्हाला?"

धोंडाक्कानं जात्याचा खुंटा त्यांच्याकडे वळवला.

"दळाल तेवढी."