धूमकेशाचा हंडा

एका राज्यात सिंहासन नव्हते. जुलमी राजाला हाकलून लोकांनी ते राज्य घेतले होते आणि त्याच दिवशी त्याचे सिंहासन फोडून चुलीत घातले होते. मानाजी नावाच्या शूर तरुणाला त्यांनी राजा केले, पण बजावून सांगितले, की राजाने प्रजेच्या पंगतीत जेवावे आणि कुणाच्या हातच्या पाण्याचा विटाळ मानू नये. मानाजीने सूर्याकडे हात करून शपथ घेतली. शेजारी त्याची थोरली बहीण मंजुळा निशाण धरून उभी होती, आणि मंजुळेमागे तिची मैत्रीण हौसा. लढाईत मंजुळेवरचा वार हौसाने आपल्या खांद्यावर झेलला होता.

पुढे धूमकेश नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याने राजापुढे तांब्याचा एक हंडा ठेवला.

"रोज सकाळी यात हात घाल. सोने मिळेल."

"याची किंमत?"

"तुला द्यावी लागणार नाही," मांत्रिक म्हणाला.

राजाने पुढे विचारले नाही.

सोने निघू लागले. महाल उठला, सरदार झाले, सिंहासनही आले. आणि जे त्या सोन्याचे अन्न खात, ते उंच होऊ लागले. बाकीची प्रजा खुजी होऊ लागली. कुणाचा हात दाराच्या कडीला पुरेना, कुणाला आपलाच नांगर पेलवेना. दरबारातून दवंडी फिरली, "प्रजा खुजी झालेली नाही. राज्य मोठे झाले आहे." भाटांनी त्यावर कवने रचली. दर सणाला समतेची शपथ महालाच्या सज्जातून वाचली जाई. सज्जा इतका उंच होता, की खाली एक अक्षर पोचत नसे.

मंजुळाही उंच झाली. बाह्या आखूड पडू लागल्या, तेव्हा तिने शिंप्याला नवी चोळी बेतायला सांगितली. तिनेही पुढे विचारले नाही.

एके सकाळी महालाच्या दाराशी आरडाओरडा झाला. मंजुळा खाली आली. शिपाई एका गुडघ्याएवढ्या बाईला भाल्याच्या दांड्याने मागे ढकलत होता. बाईच्या खांद्यावर जुन्या वाराची खूण होती.

"हौसे!"

"बाईसाहेब," हौसा म्हणाली, "माझी लेक विहिरीत पडून मेली. रहाटाला हात पुरेना, म्हणून कठड्यावर चढली होती. दाद मागायला आले, तर हा म्हणतो, आधी उंबरठा ओलांडून दाखव."

मंजुळेच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तडक राजापुढे गेली.

"मानाजी, हंडा फोड."

"आक्का, हंडा फोडला तर सरदार कोसळतील. सरदार कोसळले तर राज्य कोसळेल."

"आणि हौसाची लेक?"

"तिच्या नावाने घाट बांधू."

मंजुळेने कुऱ्हाड उचलली आणि हंड्यावर घातली. कुऱ्हाड मेणासारखी वाकली. खिडकीत एक भारद्वाज बसला होता, तो माणसाच्या वाणीने बोलला.

"हा लोखंडाने फुटायचा नाही. तीन वस्तू आण. जिच्यावरून कुणाला हाकलले नाही, त्या विहिरीचे पाणी. जिच्यातून कुणाला उठवले नाही, त्या पंगतीचा घास. आणि सिंहासनावर बसल्याबसल्या कुणाला लाज वाटली, तर त्या लाजेचा एक अश्रू."

"कुठे मिळतील?"

"होत्या तेव्हा सगळीकडे होत्या," पक्षी म्हणाला आणि उडाला.

मंजुळेने सगळे राज्य पालथे घातले. प्रत्येक विहिरीवर पहारा होता. तेव्हा ती खालच्या वस्तीत आली आणि कुदळ घेऊन स्वतःच खणू लागली. लोक लांबून बघत राहिले. "उंच माणसे खणतात ते आमच्यासाठी खड्डेच," एक म्हातारा थुंकून म्हणाला. मंजुळेच्या तळहातांची सालटी निघाली, तरी ती थांबली नाही. अखेर हौसाने मातीची पाटी उचलली. मग वस्तीच उतरली. पाणी लागले. तान्ह्या मुलाचाही हात पोचेल अशा पायऱ्या त्यांनी पाण्यापर्यंत बांधल्या. मंजुळेने ओंजळभर पाणी वाटीत घेतले.

मंजुळेने वस्तीला पक्ष्याचे बोलणे सांगितले आणि त्याच पाण्यावर पंगत मांडली. ती मोडायला राजाने शिपाई धाडले. पण महालाच्या दाराशी उभे राहून तेही खुजे होऊ लागले होते, आणि उपाशी होते. भाकरीचा वास आला तसे त्यांनी भाले खाली ठेवले आणि मांडी घातली. त्यांत हौसाला ढकलणारा तो शिपाईही होता.

"याला उठवा!" लोक ओरडले.

हौसा पुढे झाली. "बसू द्या," ती दात आवळून म्हणाली. "उठवला, तर हंडा राहील." तिने स्वतः त्याच्या पानात भाकरी टाकली. मान खाली घालून तो जेवला. मंजुळेने पंगतीतला घास वाटीत घेतला.

मग सगळे महालावर आले. शिपायांनी वाट अडवली नाही.

"मानाजी, या सिंहासनावर बसून खरे बोल," मंजुळा म्हणाली. "तुला लाज वाटते का?"

राजा रडला. "मी या लोकांसाठी काय नाही केले? आणि हे माझे उपकार विसरले!" त्याचा अश्रू वाटीला लागला आणि काचेच्या मण्यासारखा उडून फरशीवर खळकन पडला.

मंजुळेने भावाचा दंड धरून त्याला उठवले आणि ती स्वतः सिंहासनावर बसली. समोर सरदारांची उंच डोकी दिसत होती. दाराशी लोक उभे होते, ते तिथून दिसतच नव्हते. एवढी वर्षे ती या आसनाशेजारी बसून जेवली होती आणि तिला काहीच खटकले नव्हते. हौसाच्या लेकीचे नावसुद्धा तिने विचारले नव्हते.

"हौसे," तिने हाक मारली, "लेकीचे नाव काय होते?"

न दिसणाऱ्या दारातून आवाज आला, "मंजुळा."

ती कोसळली. तिचा अश्रू वाटीत पडला, तो पाण्यात मिसळला.

वाटी हंड्यात रिकामी केली तशी हंड्याला तळापासून तडा गेला. आत सोने नव्हतेच. आतून हाडे मोडल्यासारखा एक लांब आवाज निघाला आणि राज्यभर घुमला. दूर डोंगरावर धूमकेश धूर होऊन विरला. दाराशी उभे असलेले लोक वाढू लागले. सरदार आपापल्या जरीच्या अंगरख्यांत बुडाले, आणि मुकुट घरंगळून मानाजीच्या गळ्यात अडकला.

लोकांनी तिथेच सभा भरवली. मानाजीला जमिनीवर बसवून जाब विचारला. त्याचे राज्य काढून घेतले, त्याला वस्तीतल्या नव्या विहिरीचा गाळ काढायला लावले, आणि ठरवले, की यापुढे राज्य सभेचे. जो कुणी सभेला सोने दाखवील, त्याला आधी किंमत विचारायची, आणि ती कोण देणार, हेही विचारायचे.

सभा उठली. मंजुळा हौसापाशी गेली. दोघींचे डोळे आता सारख्याच उंचीवर होते.

"हौसे, मला माफ केलेस?"



"नाही," हौसा म्हणाली. "पण तुझ्याशी बोलताना मान दुखत नाही, मंजे. आज एवढे झाले."